सोनकिडा बघायचाय? आधी बाभूळ ओळखा (नाशिककरांसाठी पावसाळी गाईड)

सोनकिडा बघायचाय ना, मग किडा राहू द्या बाजूला, आधी बाभूळ ओळखायला शिका. दरवर्षी जून संपत आला की कुणीतरी विचारतंच, दादा लहानपणी काडेपेटीत ठेवायचो तो हिरवा चकचकीत किडा, कुणी त्याला सोनपाखरू म्हणायचं, आता दिसतच नाही हो, संपला का काय. संपला वगैरे काही नाही. आपण राहायला आलो फ्लॅटमध्ये, रस्त्याकडंच्या बाभळी गेल्या रुंदीकरणात आणि उरलेल्या टेकडीवर गिरिपुष्प हे विदेशी झाड लावलं, मग तो येणार कुठून? बाभूळ जिथं उभी आहे तिथं तो अजून बिनधास्त पाला खात बसलेला असतो. शहरातनं गाडीनं तासाभराच्या आत जाऊन बघता येतो, फक्त कुठं, कधी आणि कसं बघायचं ते माहीत पाहिजे, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय.

पहिलं म्हणजे झाड. आपली गावठी बाभूळ म्हणजे पिवळ्या गोंड्यासारखी फुलं, पांढरट लांब काटे जोडीजोडीनं, आणि शेंग अशी की प्रत्येक बी वेगळी दिसते, मध्ये मध्ये आवळलेली. विलायती बाभूळ, जी ओढ्याकाठी आणि पडीक जागेत माजलेली असते, ती वेगळी, तिच्यावर वेळ घालवू नका. बाभूळ नाही सापडली तर खैर किंवा हिवर बघा, तेही चालतात. मोठ्या उंच झाडाच्या शेंड्यावर बसलेला किडा खालून दिसणार नाही, त्यामुळं कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीची झुडपं असलेला माळ शोधा, शेळ्यांनी खाऊन खाऊन बुटकी झालेली बाभूळ असेल तर सगळ्यात भारी.

आता जागा. नाशिक जिल्ह्याचं एक बरंय, पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ म्हणजे धो धो पाऊस आणि गच्च झाडी, आणि पूर्वेला सिन्नर, येवला, चांदवडकडं गेलात की कोरडा माळ, काटेरी झाडं. सोनकिडा हा पूर्वेचा गडी समजा. सिन्नरच्या पुढं घोटीच्या दिशेनं न जाता उलट बाजूला शिर्डी रोडला लागलात की आजूबाजूला गावं, माळ, बांध असं सुरू होतं, तिथं कुठल्याही बाभळीच्या बांधावर थांबा, शेतकऱ्याला विचारून आत जा, कुणी नाही म्हणत नाही, उलट स्वतः दाखवायला येतात. त्र्यंबककडं गेलात तर वेगळी मजा आहे, तिकडं फुलांवरचे हिरवे भुंगेरे आणि कासवासारखे सोनेरी किडे जास्त मिळतील, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. अंजनेरी आणि बोरगड ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथं फक्त बघायचं आणि फोटो काढायचा, उचलून घरी आणायचं नाही. वनखात्याचा माणूस भेटला तर आधी विचारा, वाद घालू नका.

कधी? मृगाचा पाऊस पडून माती आतपर्यंत भिजली आणि बाभळीला कोवळा पाला फुटला की हे बाहेर यायला लागतात. आर्द्रा ते मघा, म्हणजे जूनच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत, हा चांगला काळ. पाऊस लांबला तर तेही लांबतात. अगदी पहिल्या पावसात जमिनीवर जे लाल मखमली गोळे फिरताना दिसतात तो मृगाचा किडा, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, त्याला तर आठ पाय असतात, तो कोळ्याच्या नात्यातला. आणि पहिल्या पावसानंतर अंधार पडताना बाभळीवर आणि कडुनिंबावर जे तपकिरी, मळकट भुंगेरे घोंघावत येतात ते हुमणीचे, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे. शेतकरी रात्री बल्ब लावून, खाली पाण्याचं घमेलं ठेवून पकडतात ते तेच. आपला हिरो दिवसाचा आहे, उन्हाचा आहे, रात्री बॅटरी घेऊन जायचं काही कारण नाही.

दिवसातली वेळ पण बघा. सकाळी सात ते नऊ हे गारठलेले असतात, फांदीला धरून गप्प बसतात, फोटोला सोन्यासारखी वेळ. दहा-साडेदहानंतर ऊन लागलं की अंग तापतं आणि मग जड घूं आवाज करत एका झाडावरनं दुसऱ्यावर जातात. उडताना बघायचं असेल तर उन्हात जा, जवळनं बघायचं असेल तर सकाळी. पावसाची झड लागली असेल तर घरी भजी खा, ते पण पाल्यात आत शिरून बसलेले असतात.

आता मेन गोष्ट, बघायचं कसं. सगळे जण चमक शोधत जातात आणि हात हलवत परत येतात. एवढा चकचकीत किडा, चार सेंटीमीटरच्या आसपास लांब, आणि दिसत कसा नाही म्हणून वैतागतात. गंमत अशी की ती चमकच त्याला लपवते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये याच सोनकिड्याच्या आशियातल्या एका भावाच्या पाठीची कवचं घेतली, त्यांच्यात पक्ष्यांसाठी अळ्या ठेवल्या, काही कवचं तशीच रंग बदलणारी आणि काही साध्या एकाच रंगाची करून पानांवर लावली. पक्ष्यांनी साधी जास्त खाल्ली, रंग बदलणारी जास्त वाचली. मग माणसांना पण त्याच वाटेनं चालवलं, माणसांना पण ती कमी सापडली. पान गुळगुळीत चकाकणारं असेल तर अजूनच अवघड. कारण साधं आहे, ओल्या पाल्यात उजेडाचे हजार तुकडे झालेले असतात, त्यातच हा एक तुकडा, आणि आपण जरा हललो की याचा रंग बदलतो त्यामुळं त्याचा आकार डोळ्याला धरताच येत नाही.

म्हणून चमक विसरा. आधी झाडाखाली बघा. जमिनीवर ताज्या हिरव्या पानांचे कातरलेले तुकडे आणि जाडसर लेंड्या पडल्या असतील तर बरोबर वर कुणीतरी जेवतंय. मग झाडाच्या ज्या बाजूला सूर्य आहे त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा, म्हणजे फांद्या काळ्या दिसतील, आणि त्या काळ्या फांद्यांवर लांबट, दोन्हीकडं निमुळता, गाठीसारखा आकार शोधा. बाभळीच्या फांदीवर एवढी जाड गाठ नसते. एक सापडला की हलू नका, तिथंच उभं राहून आजूबाजूला बघा, बहुतेक दुसरा जवळच असतो, कधी कधी एकाच झुडपावर चार-पाच मिळतात आणि शेजारच्या दहा झुडपांवर एकही नाही.

आणि छत्री न्या. पावसासाठी नाही, ती तर नेणारच, पण झुडपापाशी गेलात की उलटी उघडून फांदीखाली धरा. कारण सोनकिड्याला सावली पडलेली किंवा फांदी हललेली कळली की तो उडत नाही, सरळ पाय सोडून देतो आणि टप्पकन खाली पडतो, गवतात गेला की गेला. छत्रीत पडला की मग निवांत बघा. पडल्यावर तो मेल्याचं सोंग करतो आणि ते सोंग बघण्यासारखं असतं. सहाच्या सहा पाय पोटाला घट्ट चिकटवलेले, करवतीच्या दातांसारख्या छोट्या मिशा डोक्याखाली दुमडून घेतलेल्या, हलवलं तरी खड्यासारखा गडगडतो. दोन-तीन मिनिटं काहीच करू नका. आधी एक मिशी बाहेर येते, हवेत थरथरते, मग दुसरी, मग पुढचा एक पाय हळूच लांब होतो आणि छत्रीच्या कापडाला नखं लावतो, आणि एकदा का पाय टेकले की एकदम घाईघाईनं वर चढायला लागतो. बोटावर घेतलात तर नखं चांगली रुततात, चावत वगैरे नाही, घाबरू नका, फक्त बोटावरनं ओढून काढू नका, पाय तुटतो. बोट फांदीला लावा, स्वतःच जातो.

आपल्याकडं कुठले दिसतात? मुख्य म्हणजे स्टर्नोसेरा या गटातले. एकाची पाठ तपकिरी, भाजलेल्या चिंचोक्याच्या रंगाची गुळगुळीत, आणि मानेचा भाग मात्र झगझगीत हिरवा, त्याचं नाव स्टर्नोसेरा क्रायसिस. दुसरा अख्खा हिरवा, पाठीवर बारीक खळगे आणि खळग्यांत पांढरट-पिवळसर ठिपके, तो स्टर्नोसेरा स्टर्निकॉर्निस. बहुतेकांच्या लहानपणच्या काडेपेटीत हाच दुसरा असायचा. हे दोन्ही ब्युप्रेस्टिडी नावाच्या कुळातले, जगभरात या कुळात १५,००० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नखाएवढ्या किंवा त्याहून लहान, त्यामुळं मोठाच दिसला पाहिजे असं धरून बसू नका.

ओळखताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो ढेकणांच्या गोतावळ्यातल्या रंगीत किड्यांशी. निळे-हिरवे, काळे ठिपके, तसेच चमकणारे, झाडांवर घोळक्यानं बसलेले, आणि लोक खुशाल सोनकिडा म्हणून फोटो टाकतात. यावर सोपी टेस्ट आहे. पाठीच्या बरोबर मधोमध उभी सरळ रेघ आहे का बघा. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कवचं असतात, ती मध्ये मिळतात, म्हणून रेघ असणारच. त्या ढेकणवाल्यांची पाठ म्हणजे एकच सलग ढाल, मधे रेघ नाही, आणि उलटा केला तर पोटाशी दुमडलेली सोंड दिसते, तो पानं खात नाही, रस पितो. हाताला वास राहिला तर मग विचारायलाच नको.

दुसरे म्हणजे फुलांवरचे हिरवे भुंगेरे. हे जास्त चपटे, चौकोनी खांद्यांचे, सप्टेंबरात ज्वारी-बाजरीच्या कणसांवर आणि गवताच्या तुऱ्यांवर एक केसाळ हिरवा मिळतो तो यांच्यातलाच. याची खूण उडताना कळते, सोनकिडा पाठीची कवचं उघडून उडतो, हे पठ्ठे कवचं मिटलेलीच ठेवतात आणि बाजूच्या फटीतनं पंख काढून उडतात. तिसरा कासवकिडा, बेशरमीच्या किंवा गारवेलीच्या पानांवर, पारदर्शक कडा आणि मधे सोन्याचा थेंब, गंगापूर धरणाच्या बाजूला ओढ्याकाठी बेशरम आहे तिथं पानाची खालची बाजू पण बघा. चौथा वाघ भुंगेरा, हा झाडावर नाहीच, ओल्या वाळूवर पळतो, दोन पावलं तुम्ही टाकली की तो पाच फूट पुढं. याच्या मागं पळू नका, गुडघ्यावर बसा आणि थांबा, तोच फिरून येतो.

एक मात्र हाताळायचाच नाही. काळ्या अंगावर लाल-नारिंगी पट्टे, भेंडीच्या, तुरीच्या, रानातल्या फुलांवर, शेतकरी हिंगे म्हणतात. दाबला गेला की सांध्यातनं पिवळा रस सोडतो आणि कातडीवर फोड येतात. लहान मुलं बरोबर असतील तर घरनं निघतानाच फोटो दाखवून ठेवा.

आता याचं आयुष्य, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा, जेमतेम काही आठवडे. खाणं, जोडीदार शोधणं, मादीनं झाडाच्या बुडाशी मातीत अंडी घालणं, खेळ खलास. अंडी मोजकीच पण किड्याच्या मानानं मोठी, काडेपेटीत ठेवलेल्या मादीनं घातलेली अंडी ज्यांनी बघितलीत त्यांना आठवत असेल. त्यातनं पांढरी अळी निघते, ती मातीत मुळं खात वाढते, तिथंच कोष करते. थायलंडमधल्या याच्याच भावाला या सगळ्याला दोन वर्षं लागतात. म्हणजे यंदा ज्या झुडपाखाली जेसीबीनं माती उकरली तिथले नुसते यंदाचे नाही, पुढचे पण गेले. माळ सपाट करून प्लॉट पाडले की सोनकिडा का दिसेनासा होतो ते यात आलं, फवारणी वगैरे नंतर.

कुळातले बाकीचे बरेचसे मात्र मातीत नाही, लाकडात वाढतात. डोक्यामागचा भाग चपटा आणि रुंद असलेली अळी सालीखाली बोगदे काढते. वाळलेल्या लाकडात खायला सत्त्व कमी, त्यामुळं कधी कधी वाढ इतकी रेंगाळते की विश्वास बसत नाही, इंग्लंडमध्ये १९८३ साली एका घराच्या जिन्याच्या लाकडातनं असा सोनेरी किडा बाहेर आला, अळी म्हणून आत किमान ४७ वर्षं काढून. आणि यांच्यातलेच काही जंगलातला वणवा उष्णतेवरनं लांबून ओळखतात आणि सगळे प्राणी पळत असताना हे तिकडं जातात, नुकत्याच जळलेल्या झाडात अंडी घालायला, कारण ते झाड अळीला विरोध करू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचे नर तर तपकिरी बिअरच्या बाटल्यांना मादी समजून चिकटून बसायचे, उन्हात मरेपर्यंत, ज्यांनी हे शोधलं त्यांना २०११ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीशीर बक्षीस. रानात बाटली टाकू नका असं सांगायला याच्यापेक्षा भारी उदाहरण मला तरी माहीत नाही.

रंगाचं काय? तो रंगद्रव्याचा नाही. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, प्रकाश त्यांच्यावरनं परततो, थरांच्या जाडीप्रमाणं हिरवा, निळा, तांबूस दिसतो, कोन बदलला की रंग बदलला. म्हणूनच किडा मेला तरी रंग जात नाही. जपानमध्ये नारा इथल्या होर्युजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे तो या कवचांनी मढवलेला होता, आणि आपल्याकडं तर कापडावर जरीबरोबर ही कवचं टाकायचं काम चालायचं, १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयची बायको लेडी कर्झननं घातलेल्या मोरपिसांच्या नक्षीच्या झग्यात प्रत्येक डोळ्यात सोनकिड्याचं कवच होतं. कासवकिड्याचं उलटं, त्याचं सोनं ओलाव्यावर चालतं, मेला की मळकट तपकिरी. त्यामुळं तो मारून ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही. सोनकिड्याचं कवच हवंच असेल तर सप्टेंबरात त्याच झुडपांखाली बघा, मेलेल्यांची सुटी कवचं मुंग्यांनी साफ करून ठेवलेली मिळतात.

फोटोसाठी थोडक्यात: फ्लॅश बंद. फ्लॅशनं पाठीवर पांढरा डाग येतो आणि बाकी सगळं काळं. ढगाळ उजेड सगळ्यात छान, ऊन असेल तर पांढरी पिशवी किंवा बटर पेपर ताणून किड्यावर सावली करा. मोबाईलवर स्क्रीनला बोट लावून ब्राइटनेस जरा खाली ओढा, नाहीतर हिरवा रंग फाटतो. एकाच किड्याचे तीन कोनांतनं फोटो घ्या, वरनं पाठीची रेघ, बाजूनं, आणि समोरनं मिशा, मग ओळख पटवणाऱ्याला पण सोपं जातं. आणि घरात थ्री-डी सिनेमाचा चष्मा पडून असेल तर नक्की घेऊन जा. फुलांवरच्या हिरव्या भुंगेऱ्यांपैकी बऱ्याच जातींकडं त्याच्या एका काचेतनं बघितलं तर हिरवा दिसतो, दुसऱ्या काचेतनं बघितलं तर काळपट, कारण त्यांच्या कवचावरनं परतणारा प्रकाश एका दिशेनं पिळलेला असतो. सोनकिड्यावर हा खेळ चालत नाही, दोन्ही काचांतनं सारखाच दिसतो. मुलांना दोघं शेजारी सापडले तर तासभर दुसरं काही लागत नाही.

मुलं घरी घेऊनच आली तर? ओरडू नका, आपण पण आणलेच होते. काडेपेटी मात्र नको, मोठी बरणी घ्या, तोंडाला जाळीचं कापड, तळाला चार बोटं ओलसर माती, आत बाभळीची ताजी डहाळी. दोरा बांधणं बंद, पाय निखळतो. एक रात्र ठेवा, सकाळी जिथनं आणला त्याच झाडावर सोडा, नाशिकरोडच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर सोडलात तर तो उपाशी मरेल. बरणीच्या मातीत अंडी दिसली तर ती माती पण त्याच बुंध्याशी नेऊन ओता.

ज्यांच्या घरी बाग किंवा शेत आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शेणखतात, कंपोस्टमध्ये पांढऱ्या सी आकाराच्या अळ्या दिसल्या की सरसकट हुमणी म्हणून मारतात. अळी उचलून सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन, पाय हवेत ठेवून सरपटायला लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाते, खत बारीक करते, परत टाका ढिगात. पायांवर चालली किंवा कुशीवर वेटोळं करून पडून राहिली तर ती वेगळी काढा, बरं.

आणि द्राक्षवाले भाऊ, ऑक्टोबर छाटणीनंतर फुगलेले डोळे कुरतडणारा तांबूस, तांब्यासारखा चमकणारा, पाठीवर काळसर ठिपके असलेला बारका भुंगेरा म्हणजे उडद्या, त्याला सोनकिडा समजून दया दाखवू नका. तो पण हात लागला की पडून मेल्याचं सोंग करतो, त्यामुळं सकाळी ओलांड्याखाली कापड धरून वेल हलवलात तर बरेच गोळा होतात, आणि खोडावरची सैल साल काढून टाकलीत तर लपायला जागा राहत नाही. बांधावरची बाभूळ मात्र त्या रागात तोडू नका, उडद्या तिच्यावर राहत नाही.